एफ, म्हणजे एकोणीसशे तीस

आमच्या बर्मिंगहॅमला समुद्र नाही.
कालवे आहेत, तेही कमरेएवढे,
तरी इथल्या सोन्यावर छाप नांगराचा.
शेतातला नव्हे, जहाजाचा.
का, ते विचारू नका. दर गिऱ्हाइकाला
मी वेगळी गोष्ट सांगते.

चेस्टरच्या सोन्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या अन् तलवार,
लंडनच्या सोन्यावर बिबट्याचं तोंड,
कधी इतकं झिजलेलं की मांजर वाटावं.
एकतीस वर्षं व्हाइस स्ट्रीटवर, जिन्याखालच्या खोलीत
मी मेलेल्या माणसांची बारीक अक्षरं वाचते आहे.
उजव्या भुवईखाली भिंगानं वळ पाडलाय.

मंगळवारी ईनिड पार्जेटर आल्या,
क्रॅडली हीथहून, दोन बस बदलून.
खोकल्याच्या गोळ्यांची डबी, डबीत कापूस,
कापसात आईची अंगठी.
"बावीस कॅरट," म्हणाल्या. "आतून मुकुट आहे.
आई म्हणायची, राणीचा डोक्यावर, माझा बोटात."

अंगठी तळहातावर आली तेव्हाच कळलं.
तळहाताला आधी कळतं, डोळ्याला मागून.
बावीसचं सोनं निजलेल्या मुलासारखं हातात जड पडतं.
ही जागी होती.

तरी भिंग लावलं. आतला साबणाचा थर काडीनं काढला.
घडवणाऱ्याची दोन अक्षरं, अर्धी पुसलेली.
मग नऊ. मग टिंब, तीन, सात, पाच:
हजारात एवढं सोनं, बाकीचं सोबतीला.
मग नांगर.
मग एफ.

"मुकुट झिजला असेल," त्या म्हणाल्या.
झिजतो, बाई. पण झिजून नऊ होत नाही.
अठराच्या खाली मुकुट कुणी देत नाही.
हे मनात. तोंडानं विचारलं, लग्न कधीचं?
"एकवीस सालचं. आत कोरलंय बघा."

कोरलं होतं. एच, आर, १९२१.
पण हात सोनाराचा नव्हता,
दोनचं शेपूट घसरलेलं,
खिळ्याच्या टोकानं, रात्री, कुणी उठू नये अशा बेतानं.
आणि एकवीस सालचं अक्षर डब्ल्यू, धाकट्या लिपीतलं.
थोरला एफ म्हणजे एकोणीसशे तीस.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
मी टोचले, जमेल तितक्या हळू.

बराच वेळ त्या डबीचं झाकण फिरवत राहिल्या.
"बाबा साखळ्या करायचे. लोखंडाच्या, जहाजांच्या.
आईसुद्धा, परसातल्या भट्टीवर.
तीस साली काम बसलं. मी चार वर्षांची.
घटसर्प झाला होता मला. डॉक्टर घरी आले म्हणे.
तेव्हा डॉक्टर पैसे मोजून घेत."
बोलता बोलता हात गळ्याशी गेला.
कॉलरच्या वर, खळगीत, एक लहानसा गोल व्रण,
पंच मारावा तसा.
तो वाचायला भिंग लागलं नाही.

"आईला ठाऊक असेल?"
घण उचलणाऱ्या हाताला चार गुंजांचा फरक
कळणार नाही, असं कसं म्हणू?
ईनिड एकदम हसल्या.
"म्हणायची, भांडी घासून हलकी झाली गं माझी अंगठी."

आणि मुकुटाचं?
"ते तर रोज. बाबा समोर असले
की जरा मोठ्यानं."

कागद भरला. वजन, कस, शहर, साल.
दोषाच्या रकान्यात पेन थांबलं.
कोरलेलं साल छापाशी जुळत नाही,
असं तिथं लिहायचं असतं.
लिहिलं. नांगरासमोर खोटं लिहवत नाही.
नऊला हिणकस म्हणणारे सोनार या रस्त्यावर पुष्कळ आहेत,
त्यांच्याकडे पाठवलं नाही, एवढंच.

किमतीचा आकडा त्यांनी वाचलाही नाही.
अंगठी कापसात न ठेवता बोटात घातली.
सांध्याशी अडली.
"साबण आहे का हो?"
मी उठले.